आजोबांचं नाक आणि सिकाडाची कात

प्रिय फोतिनी आत्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. दुखणं कसं आहे ते कळव (पाऊस येणार की नाही, हे तुझ्या गुडघ्यांइतकं नेमकं अथेन्समध्ये कुणालाच सांगता येत नाही). कलिरोईने आणि मी मुलगी दत्तक घेतल्याचं तुला ईस्टरला कळवलं होतं. उत्तर आलं नाही, तेलाचा डबा मात्र आला, दरवर्षीपेक्षा लहान. त्याचा अर्थ काय, यावर कलिरोईचं आणि माझं अजून एकमत होत नाही.

तू गावभर सांगतेस की आर्गिरिस किडे मोजतो. तसं नाही गं. किड्यांच्या कवचात जी प्रथिनं असतात, त्यांची अक्षरांची लांबलचक माळ आमच्याकडे येते आणि आमची संगणकातली चाळणी प्रत्येकाला विचारते, तू कुणाचं? एका कुटुंबातल्या प्रथिनांत एक तुकडा पिढ्यानपिढ्या जवळपास तसाच उतरतो, त्यावरून घराणं ओळखायचं. हे मला विद्यापीठात वेगळं शिकावंच लागलं नाही. अंगणात बसून तू येणाऱ्याजाणाऱ्या पोरांची हनुवटी धरायचीस, ‘कुणाचा रे तू?’ म्हणायचीस आणि उत्तराआधीच नाकावरून आजोबा सांगायचीस. यंदा सिकाडाची, त्या उन्हाळाभर झाडावर किरकिरणाऱ्या किड्याची, प्रथिनं आली आणि तुझं पाइनचं झाड आठवलं. खोडाला चिकटलेल्या त्या किड्यांच्या रिकाम्या काती काढून मी तुझ्या काळ्या ब्लाउजवर पिनांसारख्या लावायचो, आणि तू तशीच चर्चला जायचीस. फार सुखाचे दिवस होते, आत्या.

तर या सिकाडात एक प्रथिन असं निघालं की ते कातीतच सापडलेलं, पण एकही कुटुंब त्याला घरात घेईना. मला त्याची दया आली. मी चाळणीची भोकं जरा मोठी केली. ते आत आलं, पण त्याच्या मागोमाग पोटातली पाचक प्रथिनंही घुसली आणि कवचाची म्हणून बसली. तुझ्या नामदिनासारखं, तुझ्या नावाच्या संताच्या सणासारखं झालं. बोलावणं कुणालाच नाही, दार सताड उघडं. एका वर्षी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस बसला, कोकरू जेवला, अंजिराचा मुरंबा चाटूनपुसून खाल्ला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडावर तुला आपल्या आजोबांचं नाक दिसलं! मी ती यादी सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत वाचली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एव्हान्थियाबाई चष्मा काढून म्हणाल्या, “आर्गिरिस, ही काय धर्मशाळा उघडलीस? उद्या थुंकीलाही कवच म्हणशील!” सगळे खो-खो हसले. चाळणी पुन्हा बारीक केली, पाहुणे गेले, आणि माझं बिचारंही दाराबाहेर. मग बाई हळूच म्हणाल्या, “घराणं माहीत नाही असं लिही. पण ते कवचातच आहे ना? मग तिथून काढायचं नाही.” मला तिथेच रडू आलं. लोकांना वाटलं, अपमानाने.

बाकी सर्व ठीक. कलिरोईचा नमस्कार.

तुझा,
आर्गिरिस

ता. क. ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला आम्ही तिघं येतोय. मुलीचा बाप्तिस्मा गावातच करायचा आहे, आणि नाव आजीचं ठेवायचं आहे, आसिमिना. (घरात आधीच तीन आहेत, हाक मारली की तिघी येतात आणि मागून शेळी. चौथी खपून जाईल.) पण आजी तुझी आई, म्हणून तू हो म्हटल्याशिवाय ठेवणार नाही.

आणखी एक. नाक बघू नकोस. चपटं आहे, आपल्यात कुणाचंच तसं नाही. पण परवा बागेत तिने खोडावरची कात काढली आणि कुणी न शिकवता माझ्या शर्टाला लावली. मी तशीच कामावर घेऊन गेलो. दृष्ट लागू नये म्हणून तू फक्त आपल्याच मुलांवर थू थू करतेस, परक्यांवर नाही, हे मला माहीत आहे. दारात तेवढं केलंस की मी पाद्रीबाबांना नाव सांगून येईन. तेलासाठी मोठा डबा घेऊनच निघतोय.