आणखी दोन फ्लॉप्या

मिठबाव, १८ सप्टेंबर १९८८

प्रिय सत्यवान,

'सत्या' लिहायला आज हात वळत नाही. तू लिहितोस, कॉम्प्युटरच्या फ्लॉप्यांना बुरशी आली, मशीन त्या वाचत नाही, सॉरी ताई. आणि पुढच्याच ओळीत माझ्या गुडघ्याची चौकशी. गुडघा बरा आहे.

बाबांच्या अकरा वह्या. होडीवरून आले की अंग धुण्याआधी लिहायला बसत: वारा, भरती, जाळ्यात काय आलं, आणि शेवटी एक ओळ घरची. आईला अक्षरओळख नाही. बाबा गेल्यावर रोज संध्याकाळी मी तिला एक पान वाचून दाखवायचे. पाच वह्या झाल्या आणि तू सगळ्याच नेल्यास. मला वाचायला सोपं जावं म्हणून स्वतः टाइप करून ठळक अक्षरांत छापून आणतो म्हणालास. आईनेच पिशवी बांधून दिली.

डोंबिवलीला आले तेव्हा तू अभिमानाने दाखवलंस, अकरा वह्या दोन फ्लॉप्यांत मावल्या. मी विचारलं, दुसरी प्रत? तू हसलास. म्हणालास, त्याला आणखी दोन लागतील, ऑफिसात मोजून मिळतात, तुम्हा शाळेतल्या बाईलोकांना सगळं दोनदा लिहायची सवय. दोन फ्लॉप्या, सत्यवान. पापडाएवढ्या पातळ. तेवढी जागा बाबांना मिळाली नाही. आणि खोलीत अडचण होते म्हणून वह्याही रद्दीत घातल्यास, हे आता पत्रातून कळतंय.

पत्र आलं त्या संध्याकाळी आईने विचारलं, काय धाडलंय. मला सांगवेना. शाळेची कोरी वही उघडून मी मनचंच पान वाचलं. तिला बरं वाटावं म्हणून शेवटी घातलं, आज विमलाची फार आठवण आली. आईने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यां तेंचां न्हय गो. तेंनी माजां नाव कधीच लिवूक नाय." खरंच, पाचही वह्यांत ती नुसती 'घरातली' होती. मग सगळं सांगितलं. ती तुझ्यावर रागावली नाही. ते मी करते आहे.

आता तिला आठवेल ते ती सांगते, मी कार्बन घालून लिहून घेते. पण एक पान तिच्याकडे नाही. तुझ्या जन्माच्या दिवशीचं. ती शुद्धीवर नव्हती, आणि बाबांनी काय लिहिलं हे विचारायची तिला आयुष्यभर लाज वाटली. काल तिने मला विचारलं. सातव्या वहीतलं ते पान जिवंत माणसांत फक्त तू वाचलं आहेस. त्यातली घरची ओळ आठव आणि लिहून पाठव. नाही आठवली तर तसं लिही, मनचं काही घालू नकोस, ती ओळखते. आणि पत्र पोस्टात टाकण्याआधी दुसरी प्रत काढून ठेव.

अजून तरी तुझीच,
कावेरीताई