चिमटा लावलेलं शेवटचं पान

हरलेल्या दादाला,

आपल्या चित्रकथेतला रातकिडा जिवंत आहे! मागच्या अंकात तो पुलावरून नदीत पडला, तेव्हा तू छातीठोकपणे म्हणालास, "मेला. संपली मालिका." मी म्हटलं, काठावर त्याचे बूट दिसतायत, तो पोहून गेलाय. हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची ठरलं. त्याच आठवड्यात तुझं बाबांशी वाजलं, तू घर सोडलंस आणि इथे तुझं नाव काढायचीही चोरी झाली.

नवा अंक मी आणलाच नाही. एकटीने काय वाचायचा? आज आंघोळ करून आले, तर तो माझ्या टेबलावर! शेवटच्या पानाला कपड्यांचा चिमटा, पैज लागेपर्यंत कुणी चोरून बघू नये म्हणून आपण लावायचो अगदी तसा. दारात बाबा उभे. आपल्या अंकांना रद्दी म्हणणारे आपले बाबा!

"काय वाटतं तुला?" त्यांनी विचारलं. "येईल परत?"

"येईल. तुम्हाला?"

"मलाही तसंच वाटतं."

चिमटा त्यांनीच काढला. शेवटच्या चित्रात रातकिडा ओलाचिंब होऊन स्वतःच्याच घराची कडी वाजवत होता. बाबांनी त्या कडीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "फोन लाव त्याला."

आता काय बोलायचं ते जुळवत आत येरझारा घालतायत, म्हणून मला एवढं लिहिता आलं. पत्र टाकायची गरजच उरली नाही. त्यांचं बोलून झालं की फोन मी घेणार आणि सांगणार, भांडी साठलीत, घरी ये.

तुझी जिंकलेली,
चिमणी