एकसष्टातले अडतीस

घोरावाडी,
रविवार, १८ जानेवारी २०२६

सावित्राबाई,

राजेंद्र ढमालेचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुमची सून बबिता म्हणाली, आता काठी घेऊन चालता. माझं ठीक आहे. डेअरीतून निवृत्त झाल्यापासून पेठेतलं घर बंद आहे, इथं मुलीकडे असतो. सकाळी स्टेशनपर्यंत चालतो. डॉक्टरनं बंद केलेला चहा, माधवी कामावर गेली की करून पितो.

हे पत्र बबिता तुम्हाला वाचून दाखवील. बबिता, मधलं काही गाळू नकोस. पुढे वाचवणार नाही अशी जागा येईल, तिथंही थांबू नकोस.

कामाचं आधी लिहितो. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी शिरगावला साईबाबाच्या देवळात बबिता भेटली. म्हणाली, "काका, तुमी शेअरचं बघता म्हनं. आमच्या ह्यांचं जरा बघा." तिनं सांगितलं ते असं. गणेशला मोबाईलवर एक ट्रेडिंग सिस्टीम घ्यायची आहे. कधी घ्यायचं, कधी विकायचं ते कॉम्प्युटर सांगतो, आणि त्याची वर्षाची फी अठरा हजार. त्यावर लावायचे ते पैसे म्हणजे पवनेच्या काठाला पर्यटकांसाठी चार हंगाम तंबू लावून जमवलेले तीन लाख. त्यातून पिकअप गाडी घ्यायची होती. खातं तुम्हा दोघांच्या नावावर, तुमच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत, आणि तुम्ही म्हणालात, "जानत्याला इचारल्याबिगर मी सही करनार न्हाई."

तिला तो जाणता मी वाटलो. ती पोर नंतर आलेली, तिला जुनं काही ठाऊक नाही. त्याच वेळी मी तिला सांगायला हवं होतं की दुसऱ्या कुणाला विचार. मी म्हटलं, बघतो.

तर बघितलं. त्या लोकांचा मोबाईलवर एक फुकटचा ग्रुप आहे, गिऱ्हाईकाला चव लागावी म्हणून. पाच डिसेंबर ते चौदा जानेवारी, त्यावर आलेला प्रत्येक मेसेज मी शंभर पानी वहीत शाईनं उतरवला. कुठला शेअर, किती भावाला, किती वाजता. माधवी म्हणायची, "बाबा, फोनमध्ये आहे की सगळं." तिला म्हटलं, फोनमधलं त्यांच्या हातात आहे, वहीतलं माझ्या.

माझ्या वहीत एकसष्ट मेसेज आहेत. ग्रुपवर आज बघितलं तर अडतीस. जे तेवीस उलटे पडले ते दोन-तीन दिवसांत गुपचूप पुसून टाकले. राहिलेल्या अडतीसमध्ये सगळा फायदाच फायदा. गणेशनं बघितले ते हे अडतीस, त्यामुळे त्याला वेड्यात काढू नका. पुसलेलं कुणाला दिसतं? एकसष्टच्या एकसष्ट मेसेजवर कुणी इमानानं पैसे लावले असते, तर शंभराचे सत्त्याऐंशी झाले असते. फी वेगळीच.

मग फोन केला. एक मुलगी फार गोड बोलली. सरकारी नोंदणीचा नंबर मागितला, तो तिनं लगेच दिला. यादीत बघितला तर भलत्याच माणसाच्या नावावर. तिला विचारलं, तुम्ही स्वतः यावर पैसे लावता का? लावत असाल तर तुमच्या खात्याचा उतारा दाखवा. म्हणे, "सर, ते कॉन्फिडेन्शियल असतं." आणि ऑफर पंचवीस तारखेला संपते. तेव्हापासून रोज सकाळी फोन. शेवटी माधवीनं घेतला आणि बाबा वारले म्हणून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मयताला सवलत आहे की काय कोण जाणे.

तेव्हा सही करू नका. गणेश चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, करू नका.

खरं तर इथे पत्र संपायला हवं. पण गणेश विचारील, हे सांगतो कोण? राजेंद्र ढमाले? ज्यानं माझ्या आईला भर डेअरीत दुधात पाणी घालणारी ठरवलं, तो? आणि पोराचं बरोबर आहे. त्यानं माझं ऐकावं असं मी आजवर काही केलेलं नाही.

शिवाय वहीचं मी सांगितलं ते नंतरचं. ही माणसं खोटी आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, एका कागदावरून. बबितानं त्यांचा तीन वर्षांचा हिशेब पाठवला होता, छत्तीस महिन्यांचा नफा टक्क्यांत. सात पॉइंट तीन, आठ पॉइंट एक, सहा पॉइंट नऊ, सात पॉइंट आठ. एकही महिना तोट्याचा नाही. एकही आकडा लागोपाठ दोनदा नाही, शेवटी शून्य नाही की पाच नाही. मनानं आकडे लिहिणारा माणूस अस्संच लिहितो. गोल आकडा टाळतो, तोच आकडा पुन्हा लिहायला भितो, कारण त्याला वाटतं, खरे आकडे असे दिसत असतील. खरे तसे दिसत नाहीत. म्हशीचं दूध आज सहा फॅटचं लागतं, उद्याही सहाच, आणि परवा एकदम आठ. तो कागद मी बघितला आणि मला माझंच रजिस्टर दिसलं. चोराची पावलं चोराला ठाऊक असतात, सावित्राबाई.

२००९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या डेअरीचं दुधातलं फॅट मोजायचं मशीन सतरा दिवस बंद होतं. चेअरमन म्हणाले, संकलन थांबवू नको, लोक खासगीवाल्याकडे जातील. मी सतरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या गावाचं फॅट मनानं लिहिलं. कुणाशी भांडण नको म्हणून जरा सढळ हातानं लिहिलं. मग शीतकरण केंद्रावर टँकर मोजला, तर फॅट माझ्या रजिस्टरपेक्षा बरंच कमी भरलं. चेअरमननी विचारलं, पाणी कुणाचं?

मला एक नाव द्यायचं होतं. भावकीतलं दिलं असतं तर माझी हाडं मोडली असती. तुम्ही वाडीवरून सगळ्यांत शेवटी यायचात, सहा लिटर घेऊन, एकट्या. तुमच्या मागं उभं राहणारं कुणी नव्हतं. मी तुमचं नाव दिलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. चेअरमनला तर खरं-खोटं आजही माहीत नाही.

तुमचं दूध बंद झालं. दिवाळीच्या आत तुम्ही म्हैस विकलीत आणि लोकांच्या भातकापणीला जाऊ लागलात. गणेश चौथीत होता, त्याला शाळेत पोरं 'पाणीवालीचा' म्हणायची. मी ते कानांनी ऐकलंय आणि सायकल पुढं काढलीय. त्या काळी मी तुम्हाला अगं-तुगं करायचो. आज 'तुम्ही' लिहिताना पहिल्या ओळीतच हात अडला.

मला लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण नोकरी होती, माधवीचं शिक्षण होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, मग कुठलं कारण होतं ते मला सांगता येत नाही. बबिता भेटली नसती तर हे मी मरेपर्यंत लिहिलं नसतं, हेही खरं आहे.

या पत्राची एक प्रत डेअरीच्या आत्ताच्या चेअरमनला, कैलासला, पाठवली आहे. फलकावर लाव म्हणून लिहिलंय. तो लावील की नाही, सांगता येत नाही. म्हणून ही प्रत तुमच्याकडे नीट ठेवा, खाली माझी सही आहे. कुणालाही दाखवा. गणेशला आधी दाखवा.

सोबत वही पाठवतोय. त्याला म्हणावं, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. एक रुपया न लावता महिनाभर तूच मेसेज उतरव, आले त्या क्षणी, आणि मग ग्रुपवर किती उरलेत ते मोज. तुझा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा निघाला, तर आईची सही घे आणि मला खुशाल शिव्या घाल.

आता एकच राहिलं. त्या सकाळी सगळ्या रांगेसमोर तुम्ही मला विचारलं होतंत, "मशीन बंद हाय, मंग पानी तुमाला दिसलं कुटनं?" मी रजिस्टर ओढलं आणि पुढच्याला हाक मारली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मला पाणी दिसलं नव्हतं. तुमच्या दुधात पाणी नव्हतं.

राजेंद्र विठ्ठल ढमाले
तेव्हाचा फॅट तपासनीस