पंखा नसलेली खोली

आई, तुझी नागीण उजव्या कुशीत उठली होती, माझी डाव्या. तेवढाच काय तो फरक. त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू तुला जोगेश्वरीच्या एका आजोबांकडे घेऊन गेल्या. त्यांनी मंत्र पुटपुटत फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूच्या रेघा ओढल्या, कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं, हे आपण सगळेच धरून चाललो होतो. डॉक्टरांचं नाव बाबांनीही काढलं नाही. टोकं जुळली नाहीत, फोड सुकले, खपल्या पडल्या, काकूंनी पेढेसुद्धा वाटले. नागीण गेली असं आपण ठरवून टाकलं, आणि तू जी स्वयंपाकघरात जाऊन बसलीस ती शेवटपर्यंत.

आम्ही हॉलमध्ये टीव्ही बघतोय, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि तू आत ओट्याला टेकून बसली आहेस, ब्लाउजऐवजी बाबांचा जुना मऊ बनियन उलटा घालून. मी हाक मारते. "कामं आहेत गं, बघा तुम्ही," तू म्हणतेस. एवढी कसली कामं, कोण जाणे.

मला मात्र डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळ्या सुरू केल्या. त्या म्हणाल्या, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो, वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की त्याच नसेवरून बाहेर येतो. फोड बरे होतात, पण दुखावलेली नस कधीकधी पुढेही बोंबलत राहते. माझी बोंबलतेय. गुंगी आणणाऱ्या गोळ्या झाल्या, चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, आता मिरचीच्या अर्काचं मलम चालू आहे. हसू नकोस, खरंच मिरचीचं. थोडा उतार पडतो, पण पदर लागला तरी निखारा फिरवल्यासारखं होतं, आणि पंख्याचा वारा तर मुळीच सोसत नाही. त्यात बोरिवलीतला मे महिना. घामात भिजायचं नाहीतर वाऱ्याने भाजून घ्यायचं. बँकेत पंखा, लग्नात पंखा, रिक्षात बसावं तर वारा. मी बाहेर जाणंच सोडलंय. कोंडून घातल्यासारखं वाटतं गं.

परवा दुपारी जीव नकोसा झाला म्हणून आत आले, ओट्याला टेकले, आणि एकदम कळलं. आपल्या घरात पंखा नसलेली खोली एकच होती. तू तिथे कामासाठी बसत नव्हतीस. मला इतकं रडू आलं की कुकरखालचा गॅस बंद करायचा राहिला आणि भात करपला.

हे तुला पाठवता येत नाही तेच बरं, नाहीतर गेरू घेऊन हजर झाली असतीस. ह्यांना मी बरी झाले असंच सांगितलंय. माझ्या दुखण्याने तेही थकलेत. आत्ताच हॉलमधून त्यांनी विचारलं, "अगं, एवढ्या उकाड्यात आत काय करतेस? इथे पंख्याखाली बस ना."

"भाजी चिरतेय," मी म्हटलं.

भाजी सकाळीच चिरून झाली आहे, आई.