शिल्लक रुपये अकराशे

इंदूर, ३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. शुभाताईस,
अच्युतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता ऐकू येत नाही, हे एका अर्थी बरंच झालं. ही बातमी मला मोठ्याने सांगायची नव्हती. मी दिवाळखोरीचा अर्ज करतो आहे. जिल्हा न्यायालयात, रीतसर.

पोलोग्राउंडचं वर्कशॉप बंद पडल्याचं तुला ठाऊक आहेच. सेव पाडायच्या मशीनी बनवत होतो. एका नमकीनवाल्याने सहांची ऑर्डर दिली, मी कर्ज काढून नवी लेथ घेतली, आणि त्याने कारखान्यालाच कुलूप लावलं. सगळं इंदूर सकाळ-संध्याकाळ सेव खातं आणि सेवेची मशीन बनवणारा बुडतो, याला अंगी काहीतरी विशेष असावं लागतं. बँकेने सामान ओढून नेलं, तरी एकोणतीस लाख उरले. आता मी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये अठरा हजारांवर जातो. पद्मजाचे शाळेतून सव्वीस येतात, नवरा-बायकोची कमाई तेवढीच.

माझी समजूत होती की दिवाळखोरीला फक्त पैसे नसावे लागतात. तसं नाही. कागदही लागतात. आमचा वकील देवदत्त, म्हणजे कॉलेजातला तो उंच देवदत्त, म्हणाला की आधी महिन्याच्या घरखर्चाचा तक्ता आण. मला आनंदच झाला. रोजचा खर्च मी बावीस वर्षं डायरीत लिहितो आहे. निदान एका परीक्षेत पास होईन. तन्वीने बापासाठी तक्ता कॉम्प्युटरवर केला. नानांनी तो नापास केला, कारण त्यात शेवटी शिल्लक नव्हती. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. आजोबा होळकरी खजिन्यात, नाना गिरणीच्या हिशेबखात्यात. शिल्लक न दाखवता पान बंद करणं म्हणजे धोतर न नेसता बाहेर जाणं. नानांनी दोन दिवस बसून वळणदार अक्षरात नवी प्रत केली, मी ती न वाचता पाकिटात घातली, आणि देवदत्तने ती वाचून डोक्याला हात लावला. खाली लाल शाईत दुहेरी रेघ ओढून लिहिलं होतं: शिल्लक रुपये अकराशे.

देवदत्त इंदुरी हेल काढून म्हणाला की भिया, तू दिवाळखोर आहेस, थोडी तो शरम कर. दिवाळखोर होऊन बचत करणारा माणूस त्याने वीस वर्षांत पाहिला नव्हता. कोर्ट म्हणेल, अकराशे उरतात तर सावकारांना द्या. घरी येऊन पाहिलं तर नानांनी स्वतःचं वर्तमानपत्र, गुडघ्याचं तेल आणि रविवारचे पोहे-जलेबी कापून ते अकराशे उभे केले होते. शिवाय भाजी निम्म्यावर आणली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि का आला नाही याचा विचार करत बसलो.

आता डायरीवरून खरा तक्ता करतो आहे. देवदत्तला घरातली सगळी पासबुकंही हवी आहेत, पद्मजाचंसुद्धा. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. बँकेत मॅनेजर होते, त्यांना माझ्याहून बँकेचं दुःख जास्त होईल.

बाकी ठीक. तुझा लोभ हीच सध्या माझी एकमेव बिनतारण ठेव. ती राहू दे.

तुझा
अच्युत

—

मिरज, ११ ऑगस्ट २०२५

चि. अच्युत यास,
शुभाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र स्वयंपाकघरात दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा नानांच्या अकराशेपाशी येऊन इतकी हसले की ह्यांनी बाहेरून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कांदा. हसताना कांदा कसा, हे त्यांनी विचारलं नाही. निवृत्त झाल्यापासून ते फक्त व्याजदरांबद्दल प्रश्न विचारतात.

ह्यांना सांगणार नाहीच. परवाच पेपर वाचता वाचता म्हणाले की दिवाळखोर माणूस स्वतः कधी बुडत नाही, नातेवाइकांना बुडवतो. मी पोळी जरा जास्तच भाजली त्या दिवशी.

तू तक्त्यात पोहे-जलेबी लिही. नानांचं तेल लिही. आणि तुझ्या डायरीचे पैसेही लिही. तो खर्च नसून व्यसन आहे, पण लिही. तन्वीच्या कॉलेजच्या बसचं मात्र फार बारीक बघू नकोस, ते पद्मजा भागवते. आणि एक कळत नाही. कर्ज तुझं, अर्ज तुझा, मग पद्मजाचं पासबुक वकिलाला कशाला? बायकांची पासबुकं म्हणजे त्यांचे डबे. उगाच उघडू नयेत. देवदत्तला माझ्या नावाने सांग हवं तर. कॉलेजात असताना माझ्या हातचे लाडू खाल्लेत त्याने.

कान तसाच आहे. डावा बंद, उजवा मनात येईल तेव्हा. नानांना नमस्कार, तन्वीला पापा. तब्येतीला जप, आणि माझ्यावरचा जीव नेहमीइतकाच ठेव, कमी-जास्त नको.

तुझी
ताई

—

इंदूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा उघडला.

आधी तक्त्याचं सांगतो, म्हणजे मला धीर येईल. डायरीवरून खरा खर्च काढला: अठ्ठेचाळीस हजार. दोघांची कमाई चव्वेचाळीस. दर महिन्याला चार हजार कमी, आणि तरी घरात उसनवारी नाही, दुकानदाराची बाकी नाही. मी चार वेळा बेरीज केली. खर्च मी लिहितो, पैसे पद्मजा सांभाळते. बावीस वर्षांत दोन्ही शेजारी मांडून पाहायचं मला सुचलं नाही. स्वतःला काटेकोर समजणाऱ्या माणसाची ही गत. मग पासबुक आलं. मागच्या नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजार, पाठवणार शुभदा श्रीहरी, म्हणजे तू. दहा वेळा. चाळीस हजार.

पद्मजा तांदूळ निवडत होती. मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाली की हो, घेतले, आणि पुढच्याही महिन्यात घेणार आहे. दिवाळं वर्कशॉपचं निघालंय, घरातल्यांच्या अकलेचं नको.

ताई, मी रागावलो नाही. पण अडचण अशी आहे. अर्जात माझ्या प्रत्येक सावकाराचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि कोर्टाची नोटीस प्रत्येकाला पोस्टाने जाते. तुझे चाळीस हजार उसने धरले तर तू माझी सावकार. नोटीस मिरजेला येईल, आणि अकरा वाजता पोस्टमनची वाट पाहत फाटकाशी कोण उभं असतं, ते आपल्याला माहीत आहे. तुझं नाव गाळलं तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं होईल. देवदत्त म्हणाला की गाळ रे, कोण बघतं. मीच बघतो, हीच पंचाईत आहे. तुझं घर सांभाळू की शपथ, हे तीन दिवस डायरीत लिहितो आहे. शाई संपली. तिचे वीस रुपये तक्त्यात धरले.

तू सांगशील ते करीन, असं लिहिणार होतो. पण तेही खरं नाही. तू सांगशील ते ऐकीन. माया पातळ होऊ देऊ नकोस.

अच्युत

—

मिरज, १ सप्टेंबर २०२५

चि. अच्युत यास,
आशीर्वाद, पण रागावून.

सावकार? मी? लग्नानंतरच्या सत्तावीस भाऊबिजा झाल्या. पहिल्या वर्षी तू ताटात एकशे एक टाकलेस, मग पाचशे एक, वर्कशॉप जोरात होतं तेव्हा पाच हजार एक. त्यातला एक रुपया मी खर्च केलेला नाही. पोस्टात माझ्या नावावर वेगळं खातं आहे. तिथूनच काढून पाठवते, ह्यांच्या पैशाला हात लावलेला नाही. तेव्हा ते कर्ज नव्हे. तुझेच पैसे तुला परत. लिही तसं, आणि गप्प झोप.

ताई

—

इंदूर, १० सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि., भीत भीत.

तुझं पत्र देवदत्तला दाखवलं. तो इतका हसला की बाहेरचे अशील डोकावले. म्हणाला की वा दीदी! पैसे अच्युतचेच असतील तर ती अच्युतची मालमत्ता झाली, म्हणजे दिवाळखोराने मिरजेच्या पोस्टात दडवलेली संपत्ती. आधी तू फक्त सावकार होतीस, आता सहआरोपी होशील.

मग हसू आवरून त्याने तिसरा रस्ता सांगितला. तो सोपा आहे म्हणूनच मला जमत नाही. तक्त्यात जमेच्या बाजूला एक ओळ लिहायची: बहिणीकडून मदत, परतफेडीची नाही. सोबत तुझं सहीचं पत्र, एक साक्षीदार. म्हणजे तू सावकार नाहीस, नोटीस नाही.

ही ओळ लिहायला मी सहा दिवस बसतो आहे. एकोणतीस लाख बुडवले हे मी तीन प्रतींत लिहून दिलं. आणि ताईकडून घेतलं, हे लिहवत नाही. उसनं घेतलं तर माणूस ऋणी असतो. नुसतं घेतलं तर कोण असतो? नाना मिरजेला आले की चहाच्या बशीखाली पाच रुपये ठेवून उठायचे. लेकीच्या घरचं फुकट नको. मी त्यांचाच मुलगा. तुझ्या लग्नाला मी वीस वर्षांचा होतो, आणि तेव्हापासून माझं काम ताटात टाकण्याचं. आता ताटातून उचलायचं? हा स्वाभिमान आहे की नुसती ऐट, हे मला खरंच कळत नाही. पद्मजाला विचारलं. तिने उत्तर लगेच दिलं, म्हणून ते इथे लिहीत नाही.

शिवाय साक्षीदार. तुझ्या घरात दुसरा सही करणारा कोण आहे, ते मी लिहायला नको. पाच ऑक्टोबरच्या आत अर्ज गेला नाही, तर बँकेचा माणूस माझ्या पगारावर जप्ती आणायला टपला आहे. मग अठरा हजारही जातील आणि तन्वीचं शेवटचं वर्ष अर्धवट राहील. इतकं असूनही मी अडलो आहे एका ओळीशी.

रागावलीस तरी पत्र पाठव. रागातही तुझं अक्षर चांगलं येतं.

अच्युत

—

मिरज, २० सप्टेंबर २०२५

चि. अच्युत यास,
शुभाताईचे आणि या खेपेला ह्यांचेही आशीर्वाद.

सोबत पत्र जोडलं आहे. साक्षीदाराची सही बघ.

झालं असं, की तुझं पत्र हातात घेऊन मी दुपारभर साक्षीदार शोधत होते. शेजारच्या वहिनी, दूधवाला, देवळातले गुरुजी. ह्यांनी संध्याकाळी विचारलं की पेन कशाला हवंय. मी म्हटलं, वाणसामानाची यादी. तर म्हणाले की यादीला साक्षीदार लागत नाही. 

त्यांना दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक होतं. माझं पोस्टाचं पासबुक भरून आणायला मीच त्यांना देते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तू आणि मी एकाच घरचे, दुसरं काय! मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले की तू मोठ्या हौसेने लपवत होतीस. पेपरातल्या त्या दिवाळखोरांबद्दल बोलले ते कुणी उद्योगपती होते म्हणे. माझ्या उजव्या कानाने निम्मंच ऐकलं होतं. मग माझा मसुदा त्यांनी लाल पेनने तीनदा दुरुस्त केला, माझी ‘अत्यंत प्रेमपूर्वक’ हे दोन्ही शब्द खोडले, कारण कोर्टाला त्याची गरज नसते, आणि सही ठोकली.

आता तुझ्या ओळीचं. सत्तावीस वर्षं तू ताटात टाकलंस. मी कधी विचारलं का, की हे कसले, किती दिवसांसाठी, घेतले तर मी कोण? ताटात पडलं, मी उचललं, डोळ्यांना लावलं. तेवढंच काम असतं. घेणाऱ्यालाही ते नीट करता आलं पाहिजे. मला येतं. तूही शीक, चाळिशी उलटून गेली तुझी.

लिही ती ओळ. आणि यंदाची ओवाळणी चुकवायची नाही. गरिबीची सबब ऐकणार नाही. तसंही मला कमीच ऐकू येतं.

तुझी
ताई

—

इंदूर, १७ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस व ती. भाऊजींस,
अच्युतचा शि. सा. न. वि. वि.

अर्ज तीन तारखेला दाखल झाला. तक्त्याची शेवटची प्रत नानांनीच केली. त्यांच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवून मी तो कागद समोर ठेवला. ते त्या ओळीपाशी थांबले. बराच वेळ चष्मा पुसला. मग इतर ओळींसारखीच, त्याच वळणात, ती उतरवली. पोहे-जलेबी उतरवले. तेल उतरवलं. खाली जमा अठ्ठेचाळीस, खर्च अठ्ठेचाळीस. शिल्लक या शब्दापुढे मात्र त्यांचा हात चालेना. शेवटी लिहिलं: निरंक. आणि लाल रेघ दुहेरीच ओढली. म्हणाले की आपल्या घराण्यातलं हे पहिलंच पान, पण चूक नाही त्यात.

त्या खर्चात एक ओळ आहे: भाऊबीज, वर्षातून एकदा, रुपये अकरा. देवदत्त म्हणाला की भिया, अकरा रुपयांसाठी जज साहेब हसतील. मी ती काढली नाही.

काल पहिली तारीख होती. जज साहेब हसले नाहीत. अकरा रुपयांवरून बोट पुढे नेलं आणि थांबले ते जमेच्या ओळीवर. मला उभं करून हिंदीत एवढंच विचारलं की बहन से जो मदद मिलती है, वह लौटानी नहीं है, यह आपको मंज़ूर है? मी हो म्हणालो. आवाज फुटलाच नाही. साहेब म्हणाले की ज़रा ज़ोर से कहिए. मग मी ताई, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असा ओरडलो. मागे एक म्हातारबाबा दचकून उठले. देवदत्तने कोट ओढून मला खाली बसवलं. पुढची तारीख डिसेंबरात आहे. तोवर पगाराला हात लागणार नाही.

तुझ्या डाव्या कानालाही तो आवाज पोहोचला असेल, असं मी धरून चालतो.

सोबत अकरा रुपये पाठवतो आहे. ताटात ठेवून मग उचल. वेगळ्या पुडीतले पाच रुपये नानांचे आहेत. भाऊजींनी पत्र दुरुस्त करताना चहा घेतला असेल, त्या बशीखाली ठेवायचे.

तुझ्या पाच तारखेच्या चार हजारांची वाट पाहतो आहे, हे लिहायला आता हात अडला नाही.

तुझा
अच्युत