पांढरा साका आणि एक फ्यूज

१ जानेवारी
नवीन वर्ष, जुनीच चूक! बेरियम क्लोराइडमध्ये सोडियम सल्फेट ओतलं, पांढरा साका बसला. निव्वळ आयनिक समीकरणात मी सोडियम आणि क्लोराइडही लिहिले. सरिता मॅडम म्हणाल्या, "तेजल, हे दोघं आले तसेच गेले. प्रेक्षक ते! काट." काटले. पण वाईट वाटलं — एवढे विरघळून आले बिचारे.

२ जानेवारी
रूममेट्स भांडल्या. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. स्वतःला दोन्हीकडून काटलं. संतुलित!

३ जानेवारी
दिंडोरीला घरी आले. कोंडाजीकाका ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटचं खत कालवत होता. त्यातच मॅग्नेशियम सल्फेटही ओतणार — एका फेरीत काम! म्हटलं, "काका, एकत्र नको. जिप्समचा साका होईल. ठिबकची भोकं बुजली तर बागेला पाणी कसं देणार? घड आत्ता कुठे फुगतायत."
"तुह्या कॉलेजात द्राक्षं लावत्यात का?"
घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी चुकले तर सगळं कॉलेजच चुकलं! ग्लासात दोन्हींची चिमूट टाकून दाखवली. पाणी — नितळ! लताकाकू पदर तोंडात धरून हसली. काकाने ओतलंच. उद्या सकाळी सोडणार.

संध्याकाळी —
समीकरण पुन्हा मांडलं. Ca²⁺ + SO₄²⁻ → CaSO₄↓. दोन्हीकडे भार शून्य. नायट्रेट, मॅग्नेशियम प्रेक्षक. समीकरण बरोबर, मीच कंजूष! चिमूटभर जिप्सम पाण्यात विरघळूनच राहतो. टाकीत तर गोणी गेलीय.
काका ऐकेना. मग मेन बंद केला (दोनदा पाहिलं), मोटारीच्या पेटीतला फ्यूज काढला, कंपासपेटीत टाकला, मेन पुन्हा चालू केला. ही चोरीच! तरी हसू येतंय.

४ जानेवारी
मोटार चालेना. "शेताची लाईट नाय वाटतं," म्हणत काकाने टाकीत काठी घातली — तळाला चुन्यासारखा थर! "आगं बया! लाईट नव्हती म्हणून वाचलो. देव पावला!" लगेच मोटारीपुढे नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं. काकाच्या समीकरणात मी प्रेक्षक! फ्यूज परत बसवायला गेले, तर काका मोटारीच्या पेटीजवळून हलेना. तसाच नाशिकला रूमवर घेऊन आले.

६ जानेवारी
काकाचा फोन. "लाईट आली, मोटार नाय. पेटी उघडली. फ्यूज घिऊन ये, चोरटे!" आणि वर, "टाकी धुऊन ठिवलीय. तू आल्याबिगर गोणी फोडत नाय."