घर सोडणाऱ्यांचं पुस्तक

प्रिय दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बाबांच्या डोळ्यांत औषध घालत होते, म्हणून घाईत ठेवला. रागावून नाही. खरं तर थोडं रागावूनच. फोनवर मला मोकळं बोलताच येत नाही. नजर गेल्यापासून बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात उसासा टाकला तरी खुर्चीतून ‘काय झालं गं?’ येतंच. म्हणून संग्रहालयातल्या माझ्या टेबलाशी बसून, जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय.

पुस्तक कुठवर आलं, असं विचारलंस. अरे, कुठवर येणार! आई गेली तेव्हा तू म्हणालास, ‘बारके, बाबांचं पुस्तक होईपर्यंत थांब, मग तू मोकळी.’ मीही मान डोलावली. विषय काय, तर घर सोडून गेलेली माणसं! बाबा सांगतात, मी टंकते. अडीच हजार वर्षांपूर्वी नांगराला लोखंडाचे फाळ आले, जंगलं तोडून शेती वाढली, शहरं उभी राहिली, व्यापाऱ्यांचे तांडे दूरदूर जाऊ लागले, आणि नेमक्या त्याच काळात भरल्या घरातली माणसं उठून चालू लागली. यज्ञात जनावरं मारून काय साधतं, नुसत्या जन्मानं कुणी मोठा कसा ठरतो, असं विचारू लागली. बुद्ध आणि महावीर त्यातलेच. दोघांनीही पंडितांची भाषा बाजूला ठेवली आणि लोकांच्या बोलीत सांगितलं, म्हणून ते घराघरांत पोचलं. बाबा हे इतकं रंगून सांगतात की माझी बोटं थांबतात आणि मग मी बोलणी खाते. आणि सांगणारा माणूस कसा? अपरिग्रहावर तासभर बोलून झालं की ‘माझं जुनं भिंग कुणी हलवलं?’ म्हणून घर डोक्यावर घेणारा. दिसत काही नाही, पण भिंगं सगळी हाताशी हवीत. मी हसले तर म्हणाले, महावीरांकडे तुझ्यासारखी टायपिस्ट नव्हती, म्हणून त्यांना मोक्ष मिळाला.

तर पुस्तक. ते थंडीतच पुरं झालंय, दादा. प्रकाशक दोनदा विचारून गेला. पण बाबांना पहिलं प्रकरण कच्चं वाटलं, ते झाल्यावर दुसरं. मला वाटलं, म्हातारपणाची चिकित्सा. मग लक्षात आलं की आधी त्यांनीच खोडायला लावलेली वाक्यं ते जशीच्या तशी परत घालतायत, आणि महिन्याभरानं तीच पुन्हा खोडायला सांगतायत. पुस्तक संपलं की मी जाणार, हे त्यांना ठाऊक आहे. मला भयंकर राग आला. आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

त्या दूरच्या संग्रहालयातून मला पुन्हा बोलावणं आलंय. शिलालेखांचे ठसे घ्यायचं काम आहे. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. माझा हात त्यात बसलेला आहे, इथले साहेबही मान्य करतात. तिथं डोंगरात कोरलेल्या विहारांमधले लेख आहेत. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा हवी, म्हणून कुणा माळ्यानं खांब दिला, कुणा लोहारानं पाण्याचं टाकं. त्यातच भिक्षुणींची दानंही आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावानं कोरलेली. मी आजवर फक्त फोटो पाहिलेत. मला त्या अक्षरांवर हात ठेवायचाय. इथं माझा जीव गुदमरतो, दादा. औषध, ऑफिस, टंकलेखन, पुन्हा औषध. शेजारच्या काकू ‘किती गुणाची पोर’ म्हणतात ना, तेव्हा कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.

मग बाबांना विचारून का टाकत नाहीस, असं तू म्हणशील. ऐक. परवा परवानगीचं प्रकरण चाललं होतं. बुद्धांनी आपल्या लहानग्या मुलालाही संघात घेतलं, तेव्हा त्यांचे म्हातारे वडील आले. म्हणाले, आधी तू गेलास, आता नातूही गेला, हे दुःख कातडी चिरून हाडापर्यंत जातं, यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाचं मूल घेऊ नकोस. बुद्धांनी ते ऐकलं आणि तसा नियमच केला.  मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. तर बाबा हळूच म्हणाले, ‘तू मला विचारू नकोस हं, बारके. विचारलंस तर मला नकार देता यायचा नाही.’ सवयीनं मी तेही टंकलं. मग खोडलं. त्यांना सगळं कळतंय रे. मी विचारलं तर ते हो म्हणतील, आणि मग या घरात एकटे चाचपडत राहतील.

तू दर फोनला म्हणतोस, ‘जा की, माझी पूर्ण परवानगी आहे.’ तुझा जीव आहे माझ्यावर, मला माहीत आहे. महावीरांनीही थोरल्या भावाकडेच परवानगी मागितली होती, असं एका परंपरेत सांगतात. आईवडील नुकतेच गेले होते. भाऊ म्हणाला, दुःख ताजं आहे, थोडा थांब. ते थांबले आणि मगच गेले. काल हे टंकताना मी विचारलं, बाबा, त्या भावाचं पुढे काय झालं? बाबा म्हणाले, ‘तो घरी राहिला. घरी कुणी होतं म्हणून तर धाकट्याला जाता आलं.’ तेव्हा दादा, मला परवानगी पाठवू नकोस. त्या नोकरीला मी हो कळवलंय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. बाबांना अजून काही बोललेले नाही. तू ये, त्यांच्या शेजारच्या खोलीत तुझं सामान लाव, त्याच संध्याकाळी मी त्यांना विचारेन. तू आला नाहीस, तर विचारणारच नाही आणि जाणारही नाही.

तुझीच,
बारकी